इनोउए आणि झाराते भिडले असते तर? लहान वजनाच्या काल्पनिक फाइट्सवर वाद घालायची नीट पद्धत

व्हेगासची बॉक्सिंग फाइट आपल्याकडे रविवारी सकाळी संपते. मग नाशिकमध्ये जी थोडीफार मंडळी हे बघतात ती मिसळीच्या टेबलावर भेटतात आणि तर्रीची दुसरी वाटी येईपर्यंत विषय चालू फाइट सोडून "इनोउए झारातेला हरवेल का" इथे गेलेला असतो, म्हणजे जपानचा आजचा बॉक्सर नाओया इनोउए आणि १९७० च्या दशकातला मेक्सिकोचा कार्लोस झाराते. विषय एक नंबर आहे. पण वाद दर वेळी त्याच जागी अडकतो, एक जण म्हणतो इनोउए, दुसरा म्हणतो झाराते, आणि अर्ध्या तासाने कळतं की एकाच्या डोक्यात ११८ पाउंडांचा वजनगट होता आणि दुसऱ्याच्या डोक्यात १२२, म्हणजे दोघं वेगवेगळ्या फाइट्सबद्दल भांडत होते. तो अर्धा तास वायाच गेला ना.

खाली जो क्रम दिलाय तो १०५ ते १२६ पाउंडांच्या बॉक्सर्ससाठी आहे. हेवीवेटसाठी तो जसाच्या तसा चालणार नाही, का ते पहिल्या टप्प्यात येतंच. आणि क्रम मोडू नका, नाव आणि निकाल सगळ्यात शेवटी.

तयारी: बसण्याआधी काय हवं

दोघांच्याही किमान तीन-तीन पूर्ण फाइट्स बघितलेल्या हव्यात, हायलाइट्स नाही. बॉक्सरेकवर (बॉक्सर्सच्या नोंदींची साइट) दोघांचं रेकॉर्ड उघडून ठेवा, त्यात तारीख, प्रतिस्पर्धी आणि शक्य तिथे त्या दिवसाचं वजन बघा. कागद-पेन लागतं, मोबाइलच्या नोट्स चालतील पण कागदावर दोन रकाने समोरासमोर दिसतात त्याची मजा वेगळी. आणि चार-पाच जणांत एकाला पंच करा, जो त्या दिवशी कोणाचीच बाजू घेणार नाही, त्याचं काम एवढंच की टप्पा सोडून कोणी पुढे पळालं तर त्याला मागे आणायचं.

जपानमधल्या फाइट्स ताज्या बघायच्या असतील तर वेळ सोपी आहे, ते आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथली रात्रीची मेन फाइट आपल्याकडे संध्याकाळी पाच-साडेपाचच्या आसपास येते. सातपूर-अंबडला फर्स्ट शिफ्ट करणाऱ्याला घरी पोचून चहा घेता घेता मिळते.

टप्पा १: वजन ठरवा, आणि ते कागदावर सगळ्यात वर लिहा

आधी तक्ता डोक्यात बसवा. १०५ पाउंड म्हणजे ४७.६ किलो, १०८ म्हणजे ४९, ११२ म्हणजे ५०.८, ११५ म्हणजे ५२.२, ११८ म्हणजे ५३.५, १२२ म्हणजे ५५.३ आणि १२६ म्हणजे ५७.२ किलो.

आता ११२ वरून ११५ ला जाणं म्हणजे दिसायला फक्त ३ पाउंड, पण अंगाच्या मानाने ते जवळपास पावणेतीन टक्के आहेत. ११२ वरून ११८ म्हणजे ५ टक्क्यांच्या वर. हेवीवेटमध्ये ३ पाउंड कोणी मोजत पण नाही, इथे त्याच ३ पाउंडांत माणसाचा फटका समोरच्याला हलवतो की नाही हे बदलतं. पंचवटीतल्या कुठल्याही तालमीत लहान गटातल्या पोराला विचारा, दीड किलो वरच्या गटात खेळायला लावलं तर काय होतं, तो दोन मिनिटांत सांगेल.

याचा सगळ्यात चांगला पुरावा १२२ चा चॅम्पियन विल्फ्रेडो गोमेझ. ऑक्टोबर १९७८ मध्ये कार्लोस झाराते ११८ चा चॅम्पियन होता, ५२ पैकी ५२ जिंकलेला आणि त्यातले ५१ नॉकआउट, तो ४ पाउंड वर १२२ ला गोमेझकडे गेला आणि पाचव्या राउंडमध्ये संपला. मग ऑगस्ट १९८१ मध्ये हाच गोमेझ ४ पाउंड वर १२६ ला सॅल्व्हादोर सांचेझकडे गेला आणि आठव्यात संपला. एकाच माणसाच्या दोन रात्री, आणि वजनाची बाजू उलटली की निकाल उलटला. अर्थात सगळं वजनानेच झालं असं मी म्हणत नाही, सांचेझ स्वतःच अफाट होता, पण "झारातेला गोमेझने फोडला म्हणजे तो ठोसा सहन करू शकत नव्हता" हे वाक्य ११८ च्या वादात आणायचं नाही. ती फाइट १२२ ची आहे.

उलटं पण लक्षात ठेवा. मॅनी पॅकियाओ डिसेंबर १९९८ मध्ये ११२ चा चॅम्पियन झाला, सप्टेंबर १९९९ ला वजनातच बसला नाही म्हणून पट्टा काट्यावरच गेला, आणि जून २००१ मध्ये तो १२२ ला लेह्लो लेडवाबाला सहाव्या राउंडमध्ये थांबवून परत चॅम्पियन. १० पाउंड वर जाऊन तो आणखी धोकादायक झाला. म्हणून "वर गेला की कमजोर होतो" असा सरसकट नियम करू नका, त्या माणसाने त्या वजनावर प्रत्यक्ष काय केलं ते बघा.

वजन निवडायची पद्धत साधी आहे, दोघं ज्या वजनावर चॅम्पियन दर्जाचं खेळले ते वजन घ्या. असं एकही वजन नसेल तर ती जोडी सोडा आणि दुसरी घ्या, उगाच "मधलं वजन धरू" करत बसू नका कारण त्या मधल्या वजनावर दोघांनीही काय केलं असतं याचा पुरावाच नसतो.

एक अडचण येते जुन्या लोकांच्या बाबतीत. १०८ चा गट १९७५ ला आला, १२२ चा आजच्या रूपात १९७६ ला, ११५ चा १९८० ला आणि १०५ चा तर १९८७ ला. म्हणजे ब्राझीलचा एडेर जोफ्रे १९६० च्या सुमारास खेळत होता तेव्हा ११२ आणि ११८ च्या मध्ये काहीच नव्हतं, आणि ११८ च्या वर सरळ १२६. तेव्हा "जोफ्रे दोनच वजनांत चॅम्पियन झाला, इनोउए चार वजनांत, म्हणून इनोउए मोठा" हे गणित चूक आहे, कारण जोफ्रेला चढायला मधल्या पायऱ्याच नव्हत्या.

⚠️ सावध: कोणी "पाउंड फॉर पाउंड" (वजनगट बाजूला ठेवून सगळ्यात भारी कोण) म्हणालं की पंचाने तिथेच थांबवायचं. तो वेगळा वाद आहे, त्यात दोघं रिंगमध्ये समोरासमोर येतच नाहीत.

✔ तपासा: ठरवलेल्या वजनावर दोघांच्याही किमान दोन मोठ्या फाइट्स आहेत ना? नसतील तर पुढे जाऊ नका.

पुढे सगळीकडे उदाहरण म्हणून झाराते आणि इनोउए, ११८ पाउंड, हेच घेतो.

टप्पा २: तारीख ठरवा

"प्राइममधला" (म्हणजे ऐन भरातला) हा शब्द वापरूच नका, कारण प्रत्येकाचं प्राइम वेगळं असतं आणि वादात हरायला लागलं की ते सरकतं. त्याऐवजी एक रात्र निवडा. झारातेसाठी मी २३ एप्रिल १९७७ घेतो, इंगलवूडला अल्फोन्सो झामोराविरुद्ध. इनोउएसाठी ७ जून २०२२, नोनितो डोनेअरशी दुसरी फाइट, दुसऱ्याच राउंडमध्ये संपवली ती. त्या दोन रात्रींचे दोन माणसं एकमेकांसमोर उभे करायचे.

निकाराग्वाचा रोमन गोन्झालेस म्हणजे चोकोलातितो, याच्या बाबतीत हा टप्पा सोडला तर वाद हमखास बिघडतो. नोव्हेंबर २०१२ ला १०८ वर मेक्सिकोच्या एस्ट्राडाला हरवणारा रोमन आणि सप्टेंबर २०१७ ला ११५ वर थायलंडच्या श्रीसाकेतकडून चौथ्या राउंडमध्ये नॉकआउट झालेला रोमन, नाव एक आहे पण पाच वर्षं आणि ७ पाउंडांचं अंतर आहे. १०५ चा जुना चॅम्पियन रिकार्डो लोपेझ, त्याच्याशी रोमनची १०५ ची फाइट लावताना श्रीसाकेतची फाइट दाखवणारा माणूस टप्पा १ आणि टप्पा २ दोन्ही एकदम मोडत असतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आपल्या आवडत्याची सर्वोत्तम रात्र आणि समोरच्याची साधी किंवा उतारातली रात्र घेणं. मुद्दाम कोणी करत नाही, आपोआप होतं. म्हणून तारखा दोघांच्याही एकाच वेळी लिहा, आणि झारातेची रात्र इनोउएच्या चाहत्याने निवडायची आणि उलट. समोरच्याची बाजू प्रामाणिकपणे घ्यायची सवय इथेच लागते.

टप्पा ३: कोणाच्या काळाचे नियम

यात दोन गोष्टी बघायच्या: राउंड किती आणि वजन कधी केलं.

राउंड: नोव्हेंबर १९८२ मधल्या मॅन्सिनी-किम फाइटनंतर किमचा मृत्यू झाला आणि डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संस्थेने टायटल फाइट १५ वरून १२ राउंडची केली, बाकीच्या संस्था पुढच्या काही वर्षांत आल्या. हा फरक कागदावरचा नाही. सांचेझने जुलै १९८२ ला अझुमा नेल्सनला थांबवलं ते पंधराव्या राउंडमध्ये, गोमेझने डिसेंबर १९८२ ला लुपे पिंटोरला थांबवलं ते चौदाव्यात. आजच्या नियमांत या दोन्ही फाइट्स जजेसच्या कार्डवर गेल्या असत्या.

वजन कधी: हे लहान वजनांत राउंडपेक्षा महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे आणि याच्यावर कोणी बोलतच नाही. झारातेच्या काळात वजन फाइटच्याच दिवशी व्हायचं, आता आदल्या दिवशी होतं आणि मधल्या वेळात बॉक्सर पाणी-जेवण घेऊन बराच जड होऊन रिंगमध्ये येतो. झाराते इनोउएपेक्षा सात-आठ सेंटीमीटर उंच. त्याला आजच्यासारखा अख्खा दिवस मिळाला तर तो ११८ च्या फाइटला किती वजनाने उतरेल याचा विचार करा. आणि इनोउएला १९७७ सारखं त्याच सकाळी काट्यावर उभं केलं तर त्याला ११८ आजच्याइतकं सोपं जाईल का?

म्हणून वाद दोनदा घाला, एकदा १९७७ च्या नियमांनी, एकदा आजच्या. निकाल दोन वेगळे आले तर ते चांगलंच आहे, दोन्ही लिहा.

⚠️ सावध: नियम बदलला की दोघांसाठी बदलायचा. "झारातेला १५ राउंड द्या आणि इनोउएला आदल्या दिवशीचं वजन" असं होत नाही.

आपल्याकडे मेरी कोम आणि निखत झरीनचा वाद फार निघतो, तिथे पण हाच टप्पा गाळला जातो. डिसेंबर २०१९ च्या ट्रायलला मेरी कोम ९-१ ने जिंकली ही खरी गोष्ट आहे, पण ती ५१ किलोला झाली, मेरी ३७ वर्षांची होती आणि निखतचं पहिलं जागतिक सुवर्ण २०२२ ला आलं, म्हणजे दोघींपैकी कोणीच त्या दिवशी शिखरावर नव्हती. मेरीची सहा जागतिक सुवर्णं सगळी ४५ ते ४८ किलोतली, ऑलिंपिकला तिचा गटच नव्हता म्हणून २०१२ ला लंडनमध्ये ती ५१ ला खेळून ब्राँझ घेऊन आली. आणि लंडनला दोन-दोन मिनिटांचे चार राउंड होते, फटके मोजून गुण मिळायचे, निखतचं जागतिक सुवर्ण तीन-तीन मिनिटांच्या तीन राउंडमधलं. वजन, तारीख, नियम हे तिन्ही ठरवल्याशिवाय या दोघींवर बोलूच नये, दोघींवरही अन्याय होतो.

टप्पा ४: फाइट्स बघा, पण या क्रमाने

पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. कॉमेंटेटर ज्याच्या बाजूने बोलतो तो जिंकतोय असं वाटायला लागतं, हे प्रत्येकाचं होतं.

पहिले दोन राउंड फक्त पाय बघायचे. कोण पुढे येतोय, कोणाला मागे जाताना पण मारता येतं, कोण सरळ रेषेत मागे जातो. मग जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), कोणाचा आधी पोचतो. मग बॉडी, म्हणजे पोट-बरगड्यांवरचे फटके. आणि सगळ्यात शेवटी, फटका बसल्यावर माणूस काय करतो. काही जण पकडतात, काही जण उलट मारायला जातात.

जिंकलेल्या सोप्या फाइट्स सोडून द्या, त्यांत काही कळत नाही. त्रास झालेल्या फाइट्स बघा. इनोउएच्या तीन जागा सांगतो. नोव्हेंबर २०१९, डोनेअरशी पहिली फाइट, दुसऱ्या राउंडमध्ये लेफ्ट हुक (डाव्या हाताचा बाजूने येणारा ठोसा), डोळ्यापाशी फाटलं आणि डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. मे २०२४, टोकियो डोम, लुईस नेरी, पहिल्याच राउंडमध्ये लेफ्ट हुकने खाली. मे २०२५, व्हेगास, रॅमन कार्डेनास, दुसऱ्या राउंडमध्ये पुन्हा लेफ्ट हुक, पुन्हा खाली. तिन्ही वेळा लेफ्ट हुक, तिन्ही वेळा पहिल्या दोन राउंडमध्ये, आणि नेरी-कार्डेनासच्या वेळी तो स्वतः जवळ जाऊन मारायच्या नादात होता. हे लिहून ठेवा. आणि त्याच्याच खाली हे पण लिहा की तिन्ही फाइट्स तो जिंकला, आणि मोडलेलं हाड घेऊन डोनेअरशी तो १२ राउंड पूर्ण खेळला, अकराव्यात डोनेअरला बॉडीवर मारून खाली पाडलं. अर्धी नोंद करू नका. बाकीच्या दोन फाइट्स १२२ च्या आहेत हेही बाजूला लिहा.

झारातेसाठी झामोरा, गोमेझ आणि जून १९७९ ची पिंटोर, या तीन. पिंटोरची कार्डं वादग्रस्त होती, चौथ्या राउंडमध्ये पिंटोर खाली पडला होता आणि तरी स्प्लिट डिसिजनने (तीन जजेसपैकी दोघांच्या मताने) पट्टा त्याच्याकडे गेला, तेव्हा निकाल विसरून १५ राउंड स्वतः स्कोअर करा, एवढा वेळ द्याच.

✔ तपासा: दोघांच्याही नावाखाली किमान दोन कमकुवत जागा लिहिल्यात का? एकाच्याच रकान्यात सगळं वाईट असेल तर फुटेज पुन्हा बघा.

फारच जुन्या लोकांचं, म्हणजे जिमी वाइल्ड, पांचो व्हिया वगैरे १९२० च्या आसपासचं फुटेज असेल तर हाताचा वेग त्यावरून ठरवू नका. मूक काळातली फिल्म बऱ्याचदा चुकीच्या वेगाने चालवलेली असते. तिथे पाय आणि अंतर बघा, बाकी सोडा.

टप्पा ५: आकडे आणि "याने त्याला हरवलं" हे आत्ता काढा, आधी नाही

बरेच लोक इथूनच सुरुवात करतात आणि म्हणून फसतात. झामोरा जेव्हा झारातेसमोर आला तेव्हा त्याच्या २९ पैकी २९ फाइट्स नॉकआउट होत्या, म्हणजे १०० टक्के, झारातेच्या ४५ पैकी ४४. टक्केवारीने झामोरा वर होता. चौथ्या राउंडमध्ये झामोरा संपला.

साखळी तर त्याहून वाईट. ११५ च्या आसपासचे तीन जण घ्या. रोमनने २०१२ ला एस्ट्राडाला हरवलं. श्रीसाकेतने २०१७ ला रोमनला दोनदा हरवलं, २०१८ ला एस्ट्राडाला पण. एस्ट्राडाने २०१९ ला श्रीसाकेतला हरवलं, आणि २०२१ आणि २०२२ ला रोमनला. आता यातून "सगळ्यात भारी कोण" काढून दाखवा! प्रत्येक बाजूला पुरावा आहे. हे तिघं प्रत्यक्षात इतक्यांदा एकमेकांशी खेळले तरी साखळी लागत नाही, मग चाळीस वर्षांच्या अंतराने जन्मलेल्यांची कुठून लागणार.

दोघांचा सामायिक प्रतिस्पर्धी असेल तर तो दोन अटींवरच घ्या, वजन तेच हवं आणि दोन फाइट्समध्ये फार वर्षं गेलेली नकोत. ओमार नार्वाएझ हे नाव नेहमी येतं, डोनेअरला तो २०११ ला पाडता आला नाही आणि इनोउएने २०१४ ला दोन राउंडमध्ये चारदा पाडला. इनोउएचं ते काम जबरदस्तच होतं, पण डोनेअरशी नार्वाएझ ११८ ला खेळला होता आणि इनोउएशी ११५ ला, वय तोवर ३९. दोन्ही अटी मोडतात, पुरावा बाद.

(जाता जाता, रिकार्डो लोपेझने १९९० ला ज्याच्याकडून १०५ चा पट्टा घेतला तो हिदेयुकी ओहाशी, आणि इनोउए आज ज्या जिममधून खेळतो ती त्याच ओहाशीची. वादाला याचा काही उपयोग नाही, मला मात्र ही गोष्ट फार आवडते.)

टप्पा ६: आता फाइट चालवा, तीन तुकड्यांत

एकदम "कोण जिंकेल" नाही. राउंड १ ते ४, ५ ते ८, आणि ९ पासून पुढे, असे तीन तुकडे करा आणि प्रत्येकात अंतर कोणाचं असेल ते ठरवा.

माझी मांडणी अशी, आजचे नियम धरून. पहिले चार राउंड इनोउए. झाराते उभा राहून, सावकाश, समोरच्याला वाचत येणारा माणूस आहे, झामोराशी पण सुरुवातीला त्याने फटके खाल्ले, आणि इनोउए जॅब टाकून आत येतो आणि बाहेर जातो तो वेग ११८ ला झारातेने कधी बघितलेला नाही. पाच ते आठ हा खरा धोका, कारण तोवर झारातेचं अंतर बसलेलं असेल, त्याचा बॉडीवरचा लेफ्ट हुक भयंकर होता आणि इनोउएला जवळ राहून देवाणघेवाण करायचा मोह होतोच. इथे इनोउए एकदा खाली जातो असं मी धरतो. पण नवव्यापासून इनोउएचं बॉडीवरचं काम वर येतं, उंच माणसाला बॉडी लपवायला जागा जास्त लागते. आजच्या नियमांत इनोउए, कार्डवर. १९७७ च्या नियमांत, म्हणजे १५ राउंड आणि त्याच दिवशी वजन, मी जवळपास बरोबरीत ठेवतो आणि झारातेकडे किंचित झुकतो, कारण इनोउए १२ च्या पुढे कधी गेलेलाच नाही आणि झाराते पिंटोरशी १५ खेळलेला आहे.

तुम्हाला उलटं वाटत असेल तर उत्तमच, पण कुठल्या तुकड्यात वेगळं वाटतं ते सांगा. "मला नाही पटत" याच्यावर पंचाने पुढे जाऊ द्यायचं नाही.

⚠️ सावध: "एक फटका बसला की संपलं" हे कोणाच्याही बाबतीत म्हणता येतं, म्हणून त्याला वजन शून्य. तो फटका कुठल्या अंतरावरून, कशानंतर येईल ते सांगता आलं तरच घ्या.

टप्पा ७: निकाल आधी लिहा, मग बोला

प्रत्येकाने आपापला निकाल न दाखवता लिहायचा: विजेता, कसा, कितव्या राउंडच्या आसपास, दहापैकी किती वेळा तो जिंकेल, आणि काय दिसलं तर मत बदलेन. शेवटची ओळ रिकामी असेल तर तो कागद परत द्या. मग कागद उघडायचे आणि ज्यांचं मत सगळ्यात लांब आहे त्या दोघांनी आधी बोलायचं, बाकीच्यांनी नंतर, नाहीतर मोठ्या आवाजाचा माणूस पहिला बोलतो आणि मधले सगळे त्याच्यामागे जातात.

पहिल्यांदा करताना सोप्या जोड्या घ्या, जिथे वजन एकच बसतं. लोपेझ आणि चोकोलातितो १०५ ला. खाओसाई गॅलेक्सी, ज्याने ११५ चा पट्टा १९ वेळा राखला, त्याच्यासमोर २०१४ नंतरचा इनोउए, यात खाओसाई डावखुरा आहे हे विसरू नका. मेक्सिकोचा मिगेल कांटो, पट्टा १४ वेळा राखलेला आणि फटक्यापेक्षा डोक्याने जिंकणारा, त्याच्यासमोर ११२ चा चोकोलातितो, ही माझी सगळ्यात आवडती. सांचेझ आणि २००३ चा पॅकियाओ, १२६ ला, ही मात्र शेवटी ठेवा, कारण सांचेझ २३ व्या वर्षी ऑगस्ट १९८२ मध्ये अपघातात गेला. त्याच्या बाबतीत "अजून किती चांगला झाला असता" हे प्रत्येकजण नकळत मिळवतो, तेव्हा टप्पा २ ला त्याची रात्र २१ ऑगस्ट १९८१ लिहायची आणि त्या रात्रीच्या पुढचं काहीही धरायचं नाही.